डावीकडनं वाजतंय

एरंडवण्यातल्या आमच्या गल्लीतून लॉ कॉलेज रस्त्याला लागताना तोंडाशीच एक गतिरोधक आहे, म्हणजे डांबराचा नुसता ढीग. गाडीचं पोट घासू नये म्हणून मी तिथे गाडी नेहमी तिरकी घालतो. आधी डावं चाक चढवायचं, मग उजवं. त्या संध्याकाळी छत उघडं होतं. मागोमाग एक रिक्षा आली आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला शेजारीच येऊन थांबली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून गाडीवरून नजर फिरवली. ती बॉनेटवर थांबली नाही, लोगोवर थांबली नाही, थेट पुढच्या चाकाशी गेली. "साहेब, पुढनं डावीकडनं वाजतंय बरं का," म्हणाला. त्याच्या स्वतःच्या रिक्षाचं हूड, मीटर, आरसा, मागची फळी, सगळं इंजिनाच्या तालावर थरथरत होतं. दिवा हिरवा झाला, तो निघून गेला. मी मात्र घरी पोचेपर्यंत धुमसत होतो.

राग त्या माणसाचा नव्हताच. पावसाळा सरल्यापासून तो आवाज मी ऐकत होतो. छोट्या खड्ड्यावर एक कोरडं 'टक्', कधी लागोपाठ दोन. बायकोला विचारलं तर ती म्हणायची, "मला काही ऐकू येत नाही, तुझ्या डोक्यात वाजतंय." पार्किंगमधल्या कुणालाही ते जाणवलं नव्हतं. त्यामुळे तो आवाज माझा खाजगी झाला होता. लपवता येण्यासारखा, पुढच्या महिन्यावर ढकलता येण्यासारखा. एका परक्या माणसाने तो भर सिग्नलला मोठ्याने सांगितला आणि त्यानंतर तो दुप्पट मोठा झाला, हे मी शपथेवर सांगतो. रेडिओ लावला तरी ऐकू यायचा. एसीचा पंखा वाढवला तरी ऐकू यायचा.

गाडीचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक आधी किंमत विचारतात आणि मग 'ॲव्हरेज किती देते' हे विचारतात, आणि दोन्ही उत्तरांनी आपलीच मान खाली जाते. दोन दरवाजे, दोन सीट, कापडी छत, जर्मन, आणि माझ्या नववीतल्या मुलीपेक्षा वयाने मोठी. मी तिसरा मालक. आधीच्या दोघांनी ती जपून म्हणजे उभी करूनच ठेवली असावी, कारण काटा पन्नास हजारांच्या आतच होता. तो काटा बघून मी भुललो. रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वर्षं कळतात. हवेतला प्राणवायू, ओझोन, इंजिनाची उष्णता हे सगळं उभ्या गाडीलाही खातच असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणून टायरचं वय निदान वाचता तरी येतं. बुशवर, म्हणजे चाकामागच्या सांध्यांत बसवलेल्या रबराच्या गट्टूवर, ते कोणी छापत नाही.

पुण्यात स्पोर्ट्स कार बाळगणं हा एक विनोदच आहे, मला मान्य आहे. कर्वे रस्त्यावर ती वीसच्या वर जात नाही आणि जिथे जाऊ शकते तिथे मी घाबरतो. पण आमच्या गावात गाडीचं वेड काही नवीन नाही. पिंपरी, आकुर्डी, चाकण, रांजणगाव, चारही ठिकाणी गाड्या किंवा त्यांचे सुटे भाग बनतात. कुठल्याही लग्नात जेवायला बसलं की शेजारच्या खुर्चीवर एखादा व्हेंडर डेव्हलपमेंटवाला निघतोच. आमच्या गच्चीवरून वेताळ टेकडीवरची एआरएआय दिसते. ही संस्था १९६६ सालची. देशभरातल्या गाड्या तिथे तपासल्या जातात, त्यांच्या आवाजाची आणि कंपनांची मापं घेतली जातात. त्याच टेकडीच्या पायथ्याशी आम्ही लोक चेंबरची झाकणं चुकवत असतो. आमच्या चेंबरना रस्त्याची पातळी मान्य नसते, ती एक तर वर असतात नाही तर खाली. एखाद्या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये कुठे किती सैल झालंय हे बघायला याहून बरा ट्रॅक पैसे देऊनही मिळायचा नाही.

सुरुवात मी शहाण्या माणसाने करावी तशी केली, म्हणजे आधी गाडी रिकामी केली. डिकीतला जॅक, पाने, छत्री, मुलीचं बॅडमिंटनचं किट, सगळं बाहेर. कापडी छताच्या गाडीत छताचे खटकेच इतके वाजतात की माणूस त्यांनाच सस्पेन्शन समजून बसतो. म्हणून छत बंद करून एक फेरी, उघडून एक फेरी. 'टक्' दोन्ही वेळा होतंच. पण त्याच्याबरोबर एक बारीक टुणटुण यायची, ती मात्र ब्रेक मारला की पुढे सरकायची. ड्रायव्हरच्या सीटच्या रुळात बॅटरी धरून पाहिलं तर तिथे एक सुपारी. काळी पडलेली, एका बाजूला हळदीचा डाग अजून शाबूत. मागच्या कुठल्या तरी मालकाने नवी गाडी पुजली असणार आणि तेव्हापासून ती सुपारी पुणे जिल्ह्यातले रस्ते मोजत असणार. फेकवेना. आता ती माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात आहे.

मग बायकोला ड्रायव्हर केलं. सोसायटीच्या मागच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आहेत, रविवारी सकाळी तिथे कोणी नसतं. ती गाडी चालण्याच्या वेगाने पुढे न्यायची आणि मी पुढच्या चाकाच्या बाजूने कमरेत वाकून, कान पुढे करून चालायचो. वॉचमनने काही वेळ पाहिलं आणि मग विचारलं, "सर, मॅडमना गाडी शिकवताय का?" ती काचेतून म्हणाली, "हो, मलाच." त्या दिवशी एवढंच कळलं की बाहेरून ऐकलं तर आवाज चाकाच्या मागून येतो, आत बसलं तर पायाखालून, आणि शेजारच्या सीटवर बसलं तर चक्क मधल्या कप्प्यातून. हे कानाचं वैगुण्य आहे. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांपर्यंत तो पोचायला लागलेल्या वेळेतल्या फरकावरून ओळखतो. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादातून सुमारे ५०००. पुढच्या डाव्या चाकाशी पडलेली एक ठोकर सबफ्रेममधून, पत्र्यातून, स्टिअरिंगच्या दांड्यातून जवळपास एकाच क्षणी सगळीकडे पोचते आणि जो पत्रा सगळ्यात सैल तो आपणच बोललो असं भासवतो.

एका मोठ्या वर्कशॉपमध्येही नेली. तिथे कॉफी चांगली होती. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर चढवली, चारही चाकं हवेत लोंबकळली, एका मुलाने टॉमी लावून इकडेतिकडे हलवलं, दुसऱ्याने लॅपटॉप जोडला आणि "काही कोड नाही सर" असं जाहीर केलं. रबराच्या बुशला सेन्सर नसतो तर कोड येणार कुठून? शेवटी एस्टिमेट आलं. लोअर आर्म दोन्ही, शॉकअप दोन्ही, टॉप माउंटिंग दोन्ही, लिंक रॉड दोन्ही, टाय रॉड एंड दोन्ही. "सगळं बदललं की आवाज जाईल," असं तो ॲडव्हायजर फार प्रेमाने म्हणाला. जाईलच. त्या आकड्यात गाडीही जाईल, असं मला म्हणायचं होतं, पण तिथल्या सोफ्यावर बसून भांडता येत नाही.

तळमजल्यावरचे काका मला त्यानंतर भेटले, म्हणजे रोजच भेटतात, त्या दिवशी बोललो एवढंच. भोसरीत रबर आणि धातूचे जोडभाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. प्रेसच्या धडधडीत उभं राहून दोन्ही कान कामातून गेलेत. ऐकायचं मशीन लावतात, पण गर्दी असली की काढून खिशात टाकतात. मी त्यांना आवाजाचं वर्णन सांगायला लागलो, टक् कसं, किती, कुठे. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"कधी येत नाही ते सांग."

मला उत्तर देता आलं नाही. इतके दिवस मी फक्त येतो तेव्हाचीच नोंद ठेवली होती. काका म्हणाले, "येतो तेव्हा सगळेच भाग हलत असतात रे, त्यातला कुठला ते कसं ओळखणार? जेव्हा येत नाही तेव्हा कोण गप्प बसलाय ते बघ." आणि कट्ट्यावरून उठून निघून गेले. त्यांची बातम्यांची वेळ झाली होती.

मग मी पहाटे निघायला लागलो. दुधाच्या गाड्या आणि टेकडीवर जाणारे लोक सोडले तर रस्ते मोकळे असतात आणि इंजिन थंड असतानाचं रबर कडक, म्हणजे आवाज खणखणीत. पहिली गोष्ट कळली ती अशी की रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा गतिरोधक सरळ ओलांडला तर गाडी गप्प. तिरका ओलांडला तर टक्. एकच चाक चेंबरमध्ये गेलं तर टक्. दुसरी गोष्ट कात्रजच्या जुन्या घाटात कळली. लांब वळणात गाडी एका बाजूला झुकून राहिली की त्या वळणातल्या खड्ड्यांवरही ती गप्प. वळण संपून सरळ झाली की पुन्हा सुरू. तिसरं म्हणजे ब्रेकला पाय नुसता टेकवून खड्ड्यावरून नेली तरी टक् तेवढंच. ब्रेकचे पॅड सैल असते तर ते दाबले जाऊन गप्प बसले असते. उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवलं, काही नाही. टॉप माउंटिंगचं बेअरिंग गेलं असतं तर स्प्रिंग अडकून सुटताना ठणकन बोलली असती. घरी येऊन हे सगळं कागदावर काढलं तर जवळजवळ एकच नाव उरत होतं.

गाडीच्या दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारी एक दांडी असते, स्टॅबिलायझर बार. वळणात गाडी फार कलू नये म्हणून ती पीळ खाते. तिची टोकं दोन बाजूंना एकेका लिंक रॉडने सस्पेन्शनला बांधलेली असतात आणि त्या रॉडच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडी नुसती फिरते, लिंकवर भार येत नाही. एकच चाक उचललं तर दांडीला पीळ बसतो, लिंक खेचली जाते आणि जॉइंट झिजला असेल तर त्याच्यातली पोकळी वाजते. लांब वळणात लिंक एकाच दिशेने ताणलेली राहते, पोकळी मिटलेली असते, म्हणून शांतता. म्हणजे गाडीचं पोट वाचवण्यासाठी मी जी तिरकी घालायची युक्ती करत होतो तीच त्या लिंकला बोलतं करत होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमावलीत गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, पंचवीसच्या वेगाने आरामात ओलांडता येईल असा गोलसर. असा गतिरोधक आमच्या गल्लीच्या तोंडाशी असता तर मी सरळ गेलो असतो, आणि रिक्षावाल्याला काही ऐकूच आलं नसतं. पुण्याच्या रस्त्यांबद्दलची माझी तक्रार अशी गुंतागुंतीची आहे.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण त्या पहाटेच्या फेऱ्यांमध्ये ते सारखे शेजारी बसायचे. त्यांच्याकडे फियाट होती, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला तसं कोणी म्हणत नसे. तिच्या पुढच्या सांध्यांना ग्रीसची निपलं होती आणि मागे पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. ठरावीक किलोमीटर झाले की पेट्रोलपंपाच्या मागे सर्व्हिसिंगला न्यायची. तिथला माणूस खाली उतरून ग्रीसगन लावायचा. जुनं काळं ग्रीस सांध्यातून बाहेर यायचं आणि त्याच्या मागून पिवळं नवं. मग पाट्यांवर ऑइलचा फवारा. तो वास मला अजून येतो, जळका, गोडसर, पाऊस पडलेल्या डांबराचा त्यात थोडा अंश. घरी परतताना गाडी पूर्ण गप्प असायची आणि आठवडाभरात पुन्हा कुरकुरायला लागायची. वडिलांना त्याचं काहीच वाटत नसे. "गाडी आहे, वाजणारच," एवढंच. ते काही विरक्त नव्हते. घरातलं दार वाजलं तर रात्री उठून बिजागरीला तेल घालायचे. फक्त गाडीच्या बाबतीत त्यांनी ठरवून टाकलं होतं की वाजणं हा तिचा स्वभाव आहे. त्यांच्या मुलाने मात्र एका 'टक्' साठी पहाटे उठून कात्रज गाठावं, हे त्यांना कसं वाटलं असतं? मला वाटतं ते हसले असते आणि मग यायला तयारही झाले असते.

पाट्यांवर जे औषध तेच बुशला विष. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. हे मला काकांनी सांगितलं तेव्हा ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते आणि मी बायकोच्या इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन गाडीखाली होतो. कारण 'टक्' चं निदान झालं तरी एक कुरकुर अजून बेवारस होती, आणि ती पावसात जायची. ओल्याने गप्प बसतं ते रबर. मग एकेका बुशवर साधं पाणी मारायचं, बॉनेट दाबून गाडी हलवायची, ऐकायचं. पुढच्या बुशवर जायचं. चार बुश झाले, पाचव्यावर पाणी मारलं आणि कुरकुर थांबली, त्या क्षणाचा आनंद मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, मागचा बुश. काकांना ओरडून सांगितलं. त्यांनी मशीन कानात नव्हतं तरी मान डोलावली.

"आता बोट लाव," ते म्हणाले. "कान राहू दे."

त्यांची पद्धत अशी की सांध्याच्या दोन भागांवर मिळून एकच बोट आडवं ठेवायचं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि दुसऱ्याने गाडी पुढेमागे ढकलायची. सांधा घट्ट असेल तर बोटाखालचे दोन्ही भाग एकत्र हलतात. सैल असेल तर एक आधी, एक नंतर, आणि तो केसाएवढा उशीर बोटाला लागतो. मी बोट ठेवलं, मुलीने गाडी ढकलली. लागला. त्यानंतर काका स्वतः खाली वाकले, गुडघे कडकड वाजले, आणि नखाने रबराची कड दाबून पाहिली. शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप, आणि बहुतेक बुशांचं रबर ५० ते ७० शोअरच्या मधलं असतं म्हणे. हे त्याच्या कुठल्याकुठे पुढे गेलं होतं, जुन्या प्रेशर कुकरच्या रिंगेसारखं, वरून चकचकीत आणि वाकवलं की बारीक भेगा. बुशच्या रबरात काही फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्या बघून दचकायचं नसतं. त्या गुळगुळीत असतात. ही फट दातेरी होती.

"हा काही वयाने गेलेला नाही," काका म्हणाले. "हा कुणीतरी हवेत आवळलाय."

हे मला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर झोप उडाली. अशा बुशमध्ये बाहेर एक लोखंडी नळी, आत एक नळी आणि मध्ये रबर, दोन्हींना चिकटवून साच्यात दीडशे अंशांच्या पुढे शिजवलेलं. त्यात काहीच सरकत नाही. बाहेरची नळी आर्ममध्ये ठोकून बसवलेली, आतली नळी बोल्टने चासीला आवळलेली. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर स्वतः पिळलं जातं आणि परत येतं. म्हणून बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीला. लिफ्टवर चाकं लोंबकळत असतानाच आवळला, तर गाडी खाली उतरताच ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतही. सहा महिने झाकून ठेवलेल्या गाडीतही. माझ्या आधीच्या कुणा मालकाने हा आर्म बदलून घेतला असावा, कारण उजव्याच्या मानाने डाव्यावरचा रंग नवा दिसत होता, आणि तो जिथे कुठे बदलला तिथे कुणीतरी जेवायच्या सुट्टीआधी पाना एकदाच फिरवून मोकळा झाला असावा. त्या बिचाऱ्या रबराने इतकी वर्षं पीळ धरून ठेवला होता. मी गाडी घेताना त्याच्याच शेजारी वाकून टायरचे आकडे वाचले होते.

मध्ये नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातही जाऊन आलो. तिथल्या दुकानांत गाडीचं नाव सांगितलं की आधी एक स्मित मिळतं. मग दुकानदार विचारतो, "साइज सांगा." लिंक रॉडची लांबी, बॉलचा दांडा, बोल्टचे आटे, व्हर्नियर काढून त्याने दोन-तीन वेगवेगळ्या गाड्यांच्या लिंक काउंटरवर मांडल्या आणि एक जवळजवळ जुळतही होती. या शहरात 'जवळजवळ' वर किती गाड्या चालत असतील. शिवाय ते चुकीचंही नाही. माझ्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन आणि बायकोच्या छोट्या गाडीचं, दोन्ही एकाच घराण्यातली. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने स्प्रिंग आणि शॉकअप एका उभ्या खांबात बसवून वरचा आर्मच काढून टाकला. १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल आणि झेफरमध्ये ते आलं आणि मग स्वस्त नि सुटसुटीत म्हणून जगभर पसरलं. फरक जातीचा नसतो, आवळण्याचा असतो, असं मी काकांच्या आवाजात स्वतःला सांगितलं आणि तरी लिंक बाहेरूनच मागवली. पॉलियुरेथेनचा बुश घालायचाही मोह झाला. कडक असतो, टिकतो म्हणतात. पण तो त्याचं खास ग्रीस सुकलं की किंचाळतो आणि रस्त्यावरची प्रत्येक खडी पाठीला कळवतो. पुण्यातली खडी मला आहे तेवढीच पुरे.

वारज्याच्या पुढे एका मिस्त्रीकडे अजून खड्डा आहे. लिफ्ट घ्यायला पैसे नव्हते म्हणून राहिलेला खड्डा, पण या कामाला तोच हवा होता: गाडी चाकांवर उभी आणि माणूस खाली. आधी नवी लिंक टाकली. 'टक्' तिथेच संपलं, इतक्या निमूटपणे की मला थोडं फसल्यासारखं झालं. मग आर्म. जुना बोल्ट गंजून आतल्या नळीला चिकटला होता, त्याने अर्धा दिवस खाल्ला. मिस्त्रीने बोल्टला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण त्यातल्या दोन मी पाठ केल्या. नवा आर्म बसवला, बोल्ट हाताने लागतील तेवढेच लावले, चाकं टेकवली, गाडी थोडी दाबून हलवून बसू दिली, आणि मग मिस्त्री टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराला खटका देणारा पाना, घेऊन खड्ड्यात उतरला. काका काठावर स्टूल टाकून बसले होते. "सर, हे काका मला शिकवणार का आता?" मिस्त्रीने खालून विचारलं. काकांना ऐकू गेलं नाही किंवा त्यांनी जाऊ दिलं नाही. रेंचचा खटका वाजला तसा मिस्त्री म्हणाला, "झालं." काकांनी खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला आणि नळीपासून ब्रॅकेटवर एक आडवी रेघ मारायला लावली, आतली नळी पुढेमागे सरकली तर रेघ तुटलेली दिसेल. मिस्त्री ती रेघ बराच वेळ बघत राहिला, आणि मग खडू मागून घेतला.

काकांना त्या सीटवर बसवणं हे निराळंच काम. आधी बूड, मग एक पाय, मग दाराला धरून दुसरा. निघालो. वारज्याच्या पुलाखालचे खड्डे, मग मुद्दाम चेंबरवरून, मग मुद्दाम अर्ध्या गतिरोधकावरून. मला काही ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर मी थोडा रिकामा झालो होतो. इतके महिने कान जिथे टांगला होता ती खुंटीच निघाली. इंजिनाचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू येत होता आणि तो छान होता, पण त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. काकांनी मशीन काढून खिशात ठेवलं होतं आणि उजवा तळवा डॅशबोर्डवर सपाट पसरला होता, डावा दाराच्या कप्प्यावर. करिश्मा सोसायटीपर्यंत ते काही बोलले नाहीत.

"डावीकडचं गेलं," मग म्हणाले. "उजवीकडचं सांगू का राहू दे?"

मी म्हटलं, सांगा. त्यांनी सांगितलं, मी घरी जाऊन पुन्हा फवारा काढला, आणि ते बरोबर निघालं. इकडे हवेत आवळल्याचा दोष नाही, साधं म्हातारपण. उजव्या आर्मची ऑर्डर परवाच दिली. व्हील अलाइनमेंट तो बसल्यावरच करू असं मिस्त्री म्हणतो, दोनदा पैसे कशाला घालवायचे. तोवर स्टिअरिंग किंचित डावीकडे वळलेलं असतं आणि सरळ जायला ते तसंच धरावं लागतं. बायको म्हणते हे तिला जाणवतं.